लेकुरवाळीचे वारस

४ डिसेंबर १९९८

आज जेसीबीनं आमच्या गंगम्माला उघडं पाडलं.

परळी-माजलगाव रस्ता रुंद होतोय. कंत्राटदार खाजगी आहे आणि त्याला घाई आहे. सिरसाळ्याच्या अलीकडे, आमच्या शेताच्या कडेला जुन्या समाध्या आहेत हे त्याच्या नकाशात नव्हतं, म्हणून मशीननं सरळ दात घातला. मी शाळेतून पोचलो तोवर गर्दी झाली होती. कंत्राटदाराचा माणूस परमुलखातला. त्याला समजावून सांगावं लागलं की आम्ही लिंगायत, आम्ही मेलेल्याला जाळत नाही; मांडी घालून बसवतो, डाव्या तळहातावर त्याचं इष्टलिंग ठेवतो आणि मातीआड करतो. तशीच ती बसली होती. पाठ मातीला टेकलेली, मांडीवर दोन लेकरांची हाडं. तिघांच्याही हातांपाशी एकेक लिंग, काळं आणि गुळगुळीत. बायांनी पदर पसरले. मीसुद्धा हात जोडले, मग इकडे तिकडे बघितलं. विज्ञानाचा मास्तर आहे, लोक हसतात.

आईला घरी येऊन सांगितलं. ती खांबाला धरून खाली बसली.

७ डिसेंबर

चावडीत बैठक झाली, तहसीलदार स्वतः आले होते; आईही बायांत बसून ऐकत होती. मुद्दा एवढाच : समाधी कोणाची ते ठरलं तर सरकारी खर्चानं, स्वामींच्या हस्ते, त्या घराच्या शेतात नेऊन बसवतील. नाही ठरलं तर बेवारस म्हणून जागा मोकळी करतील. गावातल्या काही शहाण्यांनी मध्येच काढलं, की शंभर वर्षांपूर्वीच्या मोठ्या दुष्काळात कुठून कुठून आलेली माणसं मेली, त्यांतलीच ही कोणी असेल, गंगम्मा कशावरून?

आमच्या घरात हे लहानपणापासून ऐकतो. दुष्काळात गंगम्माची दोन लेकरं एकाच दिवशी गेली. ती दोघांना मांडीवर घेऊन बसली ती उठलीच नाही. म्हणून लेकुरवाळीची समाधी. थोरली लेक तेवढी वाचली, ती उमापूरला दिली. तिची एकुलती लेक, आणि त्या लेकीची एकुलती लेक म्हणजे माझी आई, मल्लम्मा. पणजीच्या घरात सून होऊन परत आली. आमच्यात नात्यातली मुलगी घरात परत आणतात, तशी.

चुलत भाऊ बसवेश्वर, किराणा दुकानवाला, उठून ओरडायला लागला. "आमी सांगतोय ना आमची हाय म्हणून! अजून काय पायजे?" मला त्या आरडाओरड्याची लाज वाटली. मी उभा राहिलो आणि म्हणालो, आमचं म्हणणं शास्त्रानं सिद्ध करून देऊ. वनमाला माझी जुनी विद्यार्थिनी. मी उमापूरच्या शाळेत होतो तेव्हा पहिल्या बाकावर बसायची. ती आता हैदराबादला प्रयोगशाळेत हेच करते, जुन्या हाडांवरून नाती लावते. तिचा निकाल येईल तो आम्ही मान्य करू. तहसीलदारांना इतकं आवडलं की त्यांनी ते तिथंच लिहून घेतलं आणि मी घराच्या वतीनं सही केली.

बाहेर आल्यावर बसवेश्वर म्हणाला, "देवाला परीक्षेला बसवतो का बे मास्तर?"

म्हटलं, पास होणाऱ्यानं परीक्षेला का भ्यावं?

१९ डिसेंबर

वनमाला आली. आता डॉक्टर वनमाला. हातमोजे, तोंडाला फडकं, आणि आम्हा सगळ्यांना चार हात लांब उभं केलं. तिघांचे मिळून चार दात घेतले. बाकी हाडांना हात न लावता वर ताडपत्री टाकली. लिंगं स्वामींकडे ठेवायला दिली.

पारावर बसून तिनं लोकांना सांगितलं, मला अभिमान वाटला. माणसाच्या पेशीत एक सूत्र असं असतं की ते फक्त आईकडूनच येतं. बापाचा त्यात काही वाटा नाही. आई ते लेकाला देते, लेकीला देते. पुढे चालवते ती फक्त लेक. लेकाजवळ येऊन ते थांबतं. म्हणजे गंगम्माचं सूत्र लेकीकडून लेकीकडे होत होत आईपर्यंत आलं आहे, आणि आईकडून माझ्यापर्यंत.

संध्याकाळी आईचं रक्त घ्यायला ती घरी आली. आईनं दोन्ही हात पदराखाली घेतले. "मला सुई नको." मी समजावलं, माझ्या बायकोनं, ईश्वरीनं समजावलं. आई एकच धरून बसली. जन्मात सुईला भ्याली नाही; मोतीबिंदूच्या वेळी डॉक्टरला दम देत होती. शेवटी मी हसून माझी बाही वर केली.

"सर, नमुना आजींचाच पाहिजे," वनमाला म्हणाली.

"अगं, आईचं सूत्र तेच माझं. तूच सांगितलंस ना पारावर?"

तिनं फॉर्मवर 'मल्लम्मा यांचा औरस पुत्र' असं लिहून घेतलं, मी सही केली. आई त्या वेळी तोंड फिरवून देवळीतला दिवा पुसत होती. वनमाला गेल्यावर म्हणाली, "तुजं कावून दिलंस रे?" मी म्हणालो, तुझं दिलं नाहीस म्हणून. आता हट्ट करून पुन्हा मलाच विचारते.

३ जानेवारी १९९९

मुलगी रुद्राणी बाळंतपणाला आली आहे. आठवा लागला. आज स्वामींनी पोटातल्या लेकराचं लिंग तिच्या दंडाला बांधलं. जन्माच्या आधीच माणूस शिवाचा होतो, मग आईबापाचा, असं ते म्हणाले. मी सहज आईला विचारलं, माझं लिंग कोणत्या स्वामींनी बांधलं होतं गं? लग्नाला तेरा वर्षं झाल्यावर, परळीच्या वैजनाथाला नवस करून मी झालो; एवढ्या नवसाच्या लेकराचं सगळं साग्रसंगीत झालं असणार.

आई रुद्राणीच्या दंडावरची गाठ चाचपायला लागली. तिच्या लग्नात उमापूरहून पाठराखीण म्हणून आलेली आणि मग इथंच राहिलेली जानकीबाई शेजारी बसली होती. तीच म्हणाली, "त्या टायमाला उमापुरात स्वामीच नव्हते बगा. मल्लम्मा सहा म्हयने माहेरीच व्हती. लेकरू घिऊनच आली." मग दोघी उठून शेंगा फोडायला गेल्या. म्हाताऱ्यांना जुनं काही आठवत नाही, नोंदी ठेवायला हव्या होत्या.

ईश्वरी रात्री म्हणाली, "आई जेवत न्हाईत धड. तुमी कागद बगता, त्यांच्या तोंडाकडं बगा की जरा."

१४ फेब्रुवारी

महाशिवरात्र. ताडपत्रीपुढं बायांची रांग लागली होती. ज्यांना मूल नाही त्या इथं ओटी भरतात. आईनंही भरली होती म्हणे, सलग तेरा वर्षं. आज ती सगळ्यात शेवटी गेली आणि तासभर बसली. मी घ्यायला गेलो तेव्हा तिचं पुटपुटणं ऐकलं. "तुला ठावं हाय माय. तुला सगळं ठावं हाय."

२० मार्च

निकाल आला. टपाल शाळेत आलं, तासाच्या मध्ये. फोडल्यावर फळ्याकडे तोंड करून उभा राहिलो, पोरांना दिसू नये म्हणून.

बाई आणि थोरलं लेकरू : सूत्र एक. ती त्याची आई असू शकते. धाकटं लेकरू : वेगळं. ते तिच्या पोटचं नाही. आणि माझा नमुना : तिघांपैकी कोणाशीही जुळत नाही.

तिघांपैकी कोणाशीही नाही.

संध्याकाळी एसटीडी बूथवरून वनमालाला फोन लावला. ती म्हणाली, "सर, दोनदा करून बघितलं. तरी आजींचा नमुना मिळाला तर बरं होईल." मी म्हणालो, दोनदा केलंस ना, मग तिसऱ्यांदा कशाला? मुलगी हळवी आहे, माझ्यासाठी वाट काढत होती. विज्ञानात अशी वाट काढायची नसते हे मीच तिला शिकवलं होतं.

वाईट वाटतंय. फार वाईट वाटतंय. एवढी वर्षं आम्ही कोणा परक्या बाईपुढं नारळ फोडत होतो.

२१ मार्च

आईला सांगितलं. सांगायचा धीर होईना म्हणून आधी पाणी प्यालो. म्हणालो, ती आपली गंगम्मा नाही, कोणी दुसरीच आहे. तिनं मग विचारलं, "कंचं लेकरू तिचं न्हाई? धाकलं का?"

"हो, धाकटं."

"त्याच्या बी हातात लिंग व्हतं ना?"

"होतं."

"मांडीवरच व्हतं ना ते बी?"

"होतं गं. पण त्यावरूनच तर कळतं. आपल्या गोष्टीतली दोन्ही लेकरं पोटची होती. पोटचं नसलेलं मूल मांडीवर घेऊन कोणी आई जीव सोडत नाही."

आई माझ्याकडे बघत राहिली. इतका वेळ ती कधी बघत नाही. "लई शिकलास वैजिनाथा," एवढंच म्हणाली. ते कौतुक होतं का टोमणा, कळलं नाही. ईश्वरी भाकरी तव्यावर टाकून बाहेर निघून गेली, भाकरी जळाली.

२४ मार्च

तहसीलमध्ये लिहून दिलं. 'सदर समाधीशी व त्यातील मयतांशी आमच्या घराचा काहीएक संबंध नाही.' बसवेश्वर दारात आडवा उभा होता. "अरे, कागद काय बी म्हणू दे, आपल्या आज्या-पणज्या तिथं टेकल्यात! सही करू नको." मी म्हणालो, सोयीचा निकाल मान्य आणि गैरसोयीचा अमान्य, असं पोरांना शिकवू का मी? सही केली. असे कसोटीचे प्रसंग माणसावर एकदाच येतात.

बसवेश्वरानं बोलणं टाकलं आहे.

२७ मार्च

सकाळी आठला मशीन आलं. मी मुद्दाम हजर राहिलो. पळून गेलो असं कोणी म्हणायला नको.

ताडपत्री काढली तेवढ्यात आई आली, जानकीबाईच्या हाताला धरून, अनवाणी. थेट मशीनच्या पुढं जाऊन मातीत बसली. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. सगळं गाव होतं. कंत्राटदाराचा माणूस माझ्याकडे बघायला लागला.

"माजी पणजी हाय ती," आई म्हणाली. "मी सांगते. मला ठावं हाय."

मी जवळ जाऊन वाकलो. "आई, माझं रक्त तपासलंय. रक्त खोटं बोलत नाही. माझ्याशी जुळत नाही म्हणजे तुझ्याशीही जुळत नाही. तूच सांग, आणखी कसं होईल?"

तिनं तोंड उघडलं. ओठ हलले. मला वाटलं शिवी देणार. जानकीबाईनं तिचा दंड घट्ट धरला होता. आईनं एकदा खड्ड्याकडे बघितलं, एकदा जमलेल्या लोकांकडे आणि मग माझ्याकडे. तिनं माझ्या कपाळावरचा घाम पदरानं पुसला आणि म्हणाली, "चल घरी. उन्हानं तुजं डोकं दुकतं."

माझ्या खांद्याला धरून उठली. आम्ही वळलो तसं इंजिन सुरू झालं. तिनं मागं वळून बघितलं नाही. हाडं मुरुमाच्या भरावात गेली असं संध्याकाळी कळलं. कुठल्या ट्रॉलीत गेली तेही कोणाला सांगता येईना.

९ एप्रिल

आई जानकीबाईला घेऊन उमापूरला गेली आहे. माहेरात आता कोणी नाही, तरी म्हणाली एकदा बघून येते. वनमालाच्या घरी लग्न आहे, तिथं उतरतील. बरंच झालं, मन रमेल.

१३ एप्रिल

परत आली. डाव्या कोपराच्या खोबणीत काळंनिळं झालं होतं. विचारलं तर म्हणाली, एसटीत आपटलं.

२ मे

आई लिंगपूजा करत नाही. आज पाचवा दिवस. आमच्यात पूजा झाल्याशिवाय तोंडात पाणीसुद्धा घालत नाहीत, आणि तिनं त्र्याहत्तर वर्षांत तो नेम मोडलेला नाही. पूजा नाही म्हणून जेवण नाही, ईश्वरी बळंच पाजते तेवढंच पाणी. विचारलं तर म्हणते, "हात उचलंना. कंच्या तोंडानं पूजा करू?" परळीहून डॉक्टर आणले. सलाइनची सुई लावली की काढून टाकते. स्वामी येऊन बसले, मी पूजा करतो, तुम्ही नुसता हात लावा म्हणाले. नाही म्हणाली.

मी चिडलो. चिडायला नको होतं. म्हणालो, एका परक्या बाईच्या हाडांसाठी जीव देतेस, आणि हा जिवंत मुलगा समोर बसलाय तो काहीच नाही का?

ती म्हणाली, "तूच हाइस रे. तूच हाइस म्हणून तर."

६ मे

आज थोडं बोलली. माझा हात धरून म्हणाली, "मला तूच बसव. दुसऱ्या कुणाचा हात लागू देऊ नको."

दुसरा कोण बसवणार? एकुलता एक मुलगा आहे. असलं विचारायचं काय?

८ मे

आई गेली. पहाटे. शेतात बसवली. मीच बसवली. हातावर लिंग ठेवलं. आणखी काही लिहवत नाही.

१६ सप्टेंबर

हैदराबादहून पाकीट आलं. वाटलं, जुन्या निकालाची प्रत असेल.

'मल्लम्मा, रा. सिरसाळा. नमुना उमापूर येथे घेतला, ११ एप्रिल. अहवाल त्यांच्या इच्छेनुसार त्यांच्या पश्चात पाठवीत आहे. त्यांचे सूत्र समाधीतील स्त्रीशी व थोरल्या मुलाशी पूर्णपणे जुळते.'

खाली एक ओळ. 'श्री. वैजिनाथ यांचा नमुना वरीलपैकी कोणाशीही जुळत नाही.'

चार वेळा वाचलं. नळ्यांची अदलाबदल झाली असेल असं आधी स्वतःला सांगितलं. मग बसून कागदावर आकृती काढली, मुलांना काढून दाखवतो तशी. वर गंगम्मा, खाली लेक, तिच्या खाली लेक, तिच्या खाली आई. तिथून माझ्याकडे येणारी रेघ काढता येईना.

आधी राग आला, तिचा. चव्वेचाळीस वर्षं! मग त्या माणसाचा राग आला जो मशीनपुढं तिच्यावर वाकून, सगळ्या गावादेखत, "तूच सांग, आणखी कसं होईल" असं विचारत होता. तिला ते कसं होतं हे माहीत होतं. दोन शब्द बोलली असती तर गंगम्मा वाचली असती. आणि मी गेलो असतो, निदान तिला तसं वाटलं. तिनं मला ठेवून घेतलं आणि मग त्या दोन शब्दांपायी उपाशी मेली. मी शेजारी बसून तिला ग्लुकोजचं शास्त्र समजावत होतो.

जानकीबाईच्या दारापर्यंत गेलो. ती बाहेर आली. "इचारायचं असंल तर इचार. आता मी खोटं बोलणार न्हाई." मी विचारलं, गुडघे कसे आहेत? ती रडायला लागली. मी परत आलो. कोणाचा आहे ते कळून काय करू? जिला विचारायचं होतं ती गेली.

११ ऑक्टोबर

हैदराबाद. लॉजमध्ये बसून लिहितोय.

गंगम्माच्या आणि त्या लेकरांच्या हाडांतलं आता एवढंच उरलंय, ते चार दात. ते आणावेत आणि आईशेजारी मातीत ठेवावेत म्हणून आलो. वनमालानं काचेची डबी दाखवली. बोटाच्या पेरात मावतील एवढे. तिच्या डोळ्यांकडे बघवेना.

"तुला माहीत होतं," मी म्हणालो.

"आजींनी सांगितलं होतं, सर. उमापूरला. वचन घेतलं माझ्याकडून." मग म्हणाली, "मी म्हटलं, तुम्हीच सांगा ना त्यांना. तर म्हणाल्या, 'माजं ऐकून त्याचा जीव फाटंल. मी गेल्यावर कागदच जाऊ दे. तो कागदाला मानतो.'"

मी खुर्चीत बसलो. तिनं पाणी आणून दिलं.

मग तिच्या साहेबांकडे गेलो. साहेब सज्जन होते, बसा म्हणाले, फाइल काढली. नियम असा की अवशेष फक्त सिद्ध झालेल्या रक्ताच्या नातेवाइकाला देता येतात. फाइलमध्ये दोन कागद होते. एक अहवाल. दुसरा तहसीलचा, माझ्या अक्षरातला, 'काहीएक संबंध नाही.' वनमाला म्हणाली, माझ्या सहीवर द्या. साहेबांनी मान हलवली.

"मल्लम्माबाईंच्या रक्ताचं दुसरं कोणी आहे का? बहीण, मुलगी, नात?"

"नाही."

"तुम्ही त्यांचे कोण?"

मी मुलगा म्हणालो. त्यांनी अहवालाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि फाइल बंद केली. वनमाला डबी कपाटात ठेवायला गेली. कपाटाला किल्ली लागल्याचा आवाज ऐकला आणि मग उठलो.

आईला मातीत बसवलं ते याच हातांनी, तिनं मागून घेतलेल्या. तिच्या पणजीचे आणि त्या लेकरांचे चार दात मात्र या हातांत कोणी देणार नाही. रक्त पटल्याशिवाय नातं मानायचं नाही, हा नियम काही हैदराबादवाल्यांनी आमच्याकडे आणला नव्हता. तो गावाला मी शिकवला, चावडीत उभा राहून, आईच्या देखत.